गुडघ्यावर फाटलेली पँट आणि मधमाश्यांची पेटी : लोरेन्झो लँगस्ट्रॉथ



परिसर अभ्यासाच्या तासाला मधमाशी आली की मुलं दोनच गोष्टी सांगतात, मध गोड असतो आणि माशी चावते. मग मी त्यांना या माणसाची गोष्ट सांगते. घरी पहिल्यांदा मधमाश्या पाळणाऱ्या कुणालाही आज जी लाकडी पेटी मिळते, ती बहुतेक वेळा याच्याच कल्पनेवर बनलेली असते. विशेष म्हणजे तो आपल्यासारखाच शिक्षकही होता.

बालपण

लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांचा जन्म २५ डिसेंबर १८१० रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात झाला. लहानपणी त्यांना किड्यामुंग्यांचं भारी वेड. रस्त्यावर गुडघे टेकून तासन् तास मुंग्या बघत बसायचे. त्यात पँट गुडघ्यावर फाटायची आणि घरी बोलणी बसायची. घरच्यांना हा रिकामटेकडेपणा वाटे. पुढे शाळा, येल महाविद्यालय, धर्मशास्त्राचं शिक्षण या सगळ्यात ते वेड मागे पडलं. १८३१ साली ते पदवीधर झाले आणि नंतर अँडोव्हर या गावी चर्चमध्ये धर्मोपदेशक म्हणून काम करू लागले.

दोन पेट्यांपासून सुरुवात

१८३८ च्या उन्हाळ्यात ते एका मित्राकडे गेले होते. टेबलावर काचेचं भांडं होतं आणि त्यात पोळ्यासकट मध. मित्राने त्यांना माळ्यावर नेऊन आपल्या मधमाश्या दाखवल्या. झालं! लहानपणीचं वेड एका क्षणात परत आलं. घरी परतण्याआधीच त्यांनी मधमाश्यांच्या दोन वसाहती विकत घेतल्या. आजही नवशिक्याला एकाऐवजी दोन पेट्या घ्यायला सांगतात. दोन असल्या की एकीची दुसरीशी तुलना करता येते आणि कुठे काय बिघडलंय ते लवकर कळतं.

पण त्या काळच्या पेट्या म्हणजे नुसती बंद खोकी. माश्या पोळं थेट भिंतींना आणि झाकणाला चिकटवत. आत राणीमाशी आहे का, अंडी आहेत का, काही बघता यायचं नाही. मध काढायचा तर पोळं कापावं लागे. पुष्कळ लोक तर गंधकाचा धूर करून सगळी वसाहतच मारून टाकत. मध मिळायचा, पण माश्या जायच्या.

लँगस्ट्रॉथ वाचत राहिले. फ्रान्स्वा ह्यूबर या स्विस संशोधकाचं काम त्यांना फार उपयोगी पडलं. ह्यूबर स्वतः अंध होते. मदतनिसाच्या डोळ्यांनी त्यांनी मधमाश्यांचा अभ्यास केला होता आणि वहीच्या पानांसारखी उघडणारी पेटी बनवली होती.

छोट्याशा फटीचा शोध

याच काळात प्रकृती बिघडल्यामुळे चर्चचं काम सुटलं. ते मुलींच्या शाळेत शिकवू लागले. १८४८ मध्ये फिलाडेल्फियाला परत येऊन त्यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि मधमाश्यांची संख्या वाढवली.

त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. झाकणाखाली सुमारे ३/८ इंच, म्हणजे एक सेंटिमीटरपेक्षा जरा कमी जागा ठेवली की माश्या ती मोकळीच ठेवतात. फट त्याहून बारीक असेल तर डिंकासारख्या चिकट पदार्थाने बुजवतात. मोठी असेल तर तिथे पोळं बांधतात. मधल्या मापाची जागा मात्र त्यांची ये-जा करायची वाट.

ऑक्टोबर १८५१ मध्ये त्यांना सुचलं, हीच जागा चौकटीच्या चारही बाजूंनी ठेवली तर? मग चौकट पेटीला चिकटणारच नाही. हवी ती चौकट उचला, बघा, परत ठेवा. पोळं तोडायला नको की माश्या मारायला नकोत. ५ ऑक्टोबर १८५२ ला त्यांना या पेटीचं पेटंट मिळालं आणि १८५३ मध्ये त्यांचं मधमाशीपालनावरचं पुस्तक निघालं.

यश आणि दुःख

इथे गोष्ट गोड होत नाही. लोकांनी त्यांच्या पेटीची सर्रास नक्कल केली. कोर्टकचेऱ्यांत पैसा गेला, हाती फारसं काही लागलं नाही. त्याहून मोठा त्रास मनाच्या आजाराचा. तरुणपणापासून त्यांना नैराश्याचे झटके येत. महिनोन् महिने काही सुचत नसे. ज्या माश्यांसाठी जीव टाकला, त्यांच्यातही मन लागत नसे. पण आजार ओसरला की ते पुन्हा पेट्यांपाशी हजर. १८५८ नंतर ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी मुलाच्या मदतीने ते इटालियन जातीच्या राणीमाश्या वाढवून विकत. पुढे तो मुलगा गेला, पत्नीही गेली.

६ ऑक्टोबर १८९५, रविवार. डेटन शहरातल्या चर्चमध्ये प्रवचनाला उभे असतानाच त्यांचं निधन झालं. वय ८४.

आपल्यासाठी

आपल्याकडे महाबळेश्वरच्या भागात मधपेट्या दिसतात. आपली सातेरी माशी आकाराने लहान, म्हणून तिच्या पेटीचं मापही लहान. पण चौकट उचलून बघायची रीत तीच. कधी संधी मिळाली तर जाणकार माणसाला सोबत घेऊन, जाळी घालून मुलांना एक चौकट जरूर दाखवा. जवळच पट्टी धरून ती मोकळी जागा मोजायला सांगा.

मला या गोष्टीतली फाटलेली पँट सगळ्यात जास्त लक्षात राहते. मुंग्या बघत बसलेला मुलगा वाया चाललाय असं घरच्यांना वाटलं होतं. त्यात घरच्यांचं काही चुकलं असंही नाही, कपडे महाग असतात. पण मधल्या सुट्टीत एखादं मूल खेळायचं सोडून भिंतीकडेच्या मुंग्या बघत बसलं असेल, तर घंटा झाल्यावर लगेच ओरडू नका. आधी दोन मिनिटं त्याच्या शेजारी बसा आणि काय दिसलं ते विचारा.