टकळीच्या मजुरीवर जगलेले विनोबा
पवनार (जि. वर्धा) : चरखा उपलब्ध असतानाही आचार्य विनोबा भावे यांनी सूतकताईसाठी टकळीवर विशेष भर दिला. ती स्वस्त, सुटसुटीत व गरिबाच्या आवाक्यातील होती. गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा १९२१ मध्ये वर्ध्यास आले. कातणाऱ्याचे पोट मजुरीवर भरते का, हे जाणण्यासाठी नालवाडीत त्यांनी स्वतः सुताच्या मजुरीवर निर्वाह केला. प्रकृती खालावल्यावर १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला आले. तेथे शेत खणता खणता शरीर सावरले. १९४० मध्ये ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. १९५१ पासून भूमिहीनांसाठी त्यांनी भूदान पदयात्रा केली. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच त्यांनी देह ठेवला.