हँडल मारताना लोकांचे हात मोडायचे, मग चार्ल्स केटरिंगने गाडीला 'सेल्फ' दिला

गाडीत बसायचं, किल्ली फिरवायची आणि निघायचं. यात काही विशेष आहे असं आज कुणालाच वाटत नाही. सेल्फ लागला नाही आणि चार लोकांना धक्का मारायला बोलवावं लागलं, की मगच त्याची किंमत कळते.

पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाडी चालू करणं हे हाडं मोडून घ्यायचं काम होतं.

शेतावरचं जुनं डिझेल इंजिन ज्यांनी हँडल मारून चालू केलंय, त्यांना हे लगेच समजेल. पेट्रोल गाड्यांचंही तसंच होतं. गाडीच्या पुढे उभं राहायचं, लोखंडी हँडल अडकवायचं आणि जोर लावून इंजिन फिरवायचं. ठिणगी जरा आधी पडली की इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल थेट हातावर यायचं. मनगट मोडणं, हात मोडणं, जबड्याला लागणं हे सगळं नेहमीचंच.

ही कटकट ज्याने संपवली तो माणूस म्हणजे चार्ल्स केटरिंग. आजही एखाद्या जुन्या मसल कारचं बॉनेट उघडून कुणी स्टार्टरच्या वायरी नीट करायला बसला, तर तो याच माणसाच्या कामावर हात फिरवत असतो.

पण या माणसाची गोष्ट फक्त कौतुकाची नाही. तिला एक काळी बाजूपण आहे.

डोळ्यांनी दगा दिला, वायरींनी हात दिला

२९ ऑगस्ट १८७६ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरात केटरिंगचा जन्म झाला. पोरगं हुशार होतं, पण डोळे कमजोर. वाचायला बसलं की डोकं दुखायचं. आधी शाळेत मास्तरकी केली, मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गेला, पण डोळ्यांनी इतका त्रास दिला की शिक्षण मध्येच सोडावं लागलं.

मग त्याने टेलिफोन लाइनच्या टोळीत काम धरलं. खांबांसाठी खड्डे खणायचे, तारा ओढायच्या. उघड्यावरच्या या कामाने तब्येत सुधारली आणि विजेचं वेड लागलं ते कायमचं. तो परत कॉलेजात गेला आणि १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला. तेव्हा वय होतं २७.

नोकरी लागली डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानाच्या गल्ल्यावर जे हिशोबाचं यंत्र असतं, ते बनवणारी ही कंपनी. तेव्हा ते यंत्र हाताने दांडा फिरवून चालवावं लागायचं. केटरिंगने त्याला विजेची मोटर बसवली.

ही मोटर लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

गोठ्याशेजारच्या कोठारात उभी राहिलेली कंपनी

कंपनीतला त्याचा साहेब होता एडवर्ड डीड्स. डीड्सच्या घरामागे एक कोठार होतं. दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी तिथे जमून गाड्यांच्या विजेवर काम करायचं, असं या मंडळींचं सुरू झालं. कंपनीतले आणखी काही जण जोडले गेले. हीच ती 'बार्न गँग'.

आधी त्यांनी इंजिनात ठिणगी पाडायची नवी पद्धत तयार केली. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांना ती पसंत पडली. १९०९ मध्ये केटरिंगने नोकरी सोडली आणि डीड्सबरोबर 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. याच नावाची आद्याक्षरं जोडून झालं 'डेल्को'.

आता लेलँड यांना हवा होता हँडलवर उपाय. यामागे एक गोष्ट सांगितली जाते. लेलँड यांच्या ओळखीचा बायरन कार्टर हा गाड्या बनवणारा माणूस कुणाची तरी बंद पडलेली गाडी चालू करायला गेला, हँडल उलटं फिरून त्याला लागलं आणि त्यातूनच पुढे तो वारला. कार्टर १९०८ मध्ये गेला एवढं नक्की. त्याच्या मरणाने लेलँड हादरले आणि त्यांनी हे हँडल आपल्या गाड्यांवरून काढायचं ठरवलं, असं ही गोष्ट सांगते.

सगळा खेळ काही सेकंदांचा

विजेच्या मोटरने इंजिन फिरवायचं ही कल्पना नवी नव्हती. अडचण एकच होती. एवढं जड इंजिन फिरवायचं तर मोटरही तेवढीच दांडगी हवी, असं जाणकारांचं मत होतं. ती गाडीत ठेवणार कुठे आणि तिला पुरेल अशी बॅटरी आणणार कुठून?

इथे केटरिंगला गल्ल्याचं यंत्र कामाला आलं.

दिवसभर चालणारी मोटर मोठीच लागते, कारण छोटीवर जास्त भार टाकला की ती तापते आणि जळते. पण गल्ल्याची मोटर दिवसभर चालत नाही. गिऱ्हाईक आलं की क्षणभर जोर लावते आणि थांबते. मग छोट्या मोटरवर तिच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकला तरी चालतं, कारण जळण्याएवढं तापायच्या आत तिचं काम संपलेलं असतं.

गाडीचंही तसंच आहे की! इंजिन एकदा चालू झालं की मोटरची गरजच संपली.

फेब्रुवारी १९११ मध्ये या सेल्फ स्टार्टरची कॅडिलॅकवर चाचणी झाली आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये तो कंपनीकडूनच बसून आला. डोकं पाहा कसं चालवलं होतं. एकच यंत्र आधी मोटर बनून इंजिन फिरवायचं आणि इंजिन चालू झालं की जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायचं. ठिणगी आणि दिवे यांची वीजही त्याच व्यवस्थेतून. या कामासाठी कॅडिलॅकला ब्रिटनची मानाची ड्युअर ट्रॉफी मिळाली.

याचा एक परिणाम आज वाचताना गंमतशीर वाटतो. तेव्हा इलेक्ट्रिक गाड्या जोरात होत्या आणि हँडल मारावं लागत नाही म्हणून त्या खास बायकांची गाडी म्हणून खपवल्या जायच्या. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा इलेक्ट्रिक गाडी चालवायच्या. सेल्फ आला आणि पेट्रोल गाडीची सगळ्यात मोठी अडचण गेली. इलेक्ट्रिक गाडी मागे पडली त्याची कारणं अनेक, पण त्यातलं एक मोठं कारण ही छोटीशी इलेक्ट्रिक मोटर होती.

मसल कारच्या पोटात केटरिंग

आता उडी मारू थेट १९६४ मध्ये. डेल्को तोवर कधीच जनरल मोटर्सची झाली होती. त्याच जनरल मोटर्सच्या पाँटिॲकने मधल्या आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं अवाढव्य व्ही-८ इंजिन बसवून 'जीटीओ' आणली आणि मसल कारची लाट आली. आज हौशी लोक या गाड्या जिवापाड जपतात आणि त्यात एक काम हमखास निघतं, स्टार्टरच्या वायरी नीट करणं.

या गाड्यांत स्टार्टर खाली, इंजिनाच्या कुशीत असतो. त्याच्या डोक्यावर सोलेनॉइड. त्याच्याकडे येणाऱ्या वायरी मोजक्याच.

पहिली, बॅटरीच्या प्लसकडून येणारी जाड केबल. जुनं व्ही-८ फिरवताना स्टार्टर दोनशे अँपिअरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त करंट ओढतो, म्हणून ती जाड.

दुसरी, किल्लीकडून येणारी बारीक जांभळी वायर. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत ती आधी एका सेफ्टी स्विचमधून जाते, म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागत नाही. या वायरीत वीज आली की सोलेनॉइड दोन कामं करतं. स्टार्टरचं छोटं दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात सरकवतं आणि जाड केबलचा करंट मोटरला जोडून देतं. केटरिंगची ती काही सेकंदं इथेच घडतात.

तिसरी, पिवळी वायर. ती सेल्फ मारताना ठिणगीच्या कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब देते. एरवी कॉइलला मुद्दाम कमी व्होल्ट दिलेले असतात, नाहीतर पॉइंट लवकर जळतात. पॉइंट आणि कॉइलच्या या पद्धतीला आजही 'केटरिंग इग्निशन' म्हणतात.

घोळ होतो तो उष्णतेने. शेजारूनच तापलेला एक्झॉस्ट जातो. वर्षानुवर्षांत वायरीचं आवरण कडक होतं, तडकतं. त्यात आधीच्या मालकाने टेप गुंडाळून जोड मारलेले असतात. मग गाडी गरम असली की सेल्फ नुसता 'टक' करतो आणि गप्प. जाड केबलमध्ये बहुतेक वेळा फ्यूजही नसतो. ती एक्झॉस्टला चिकटून वितळली तर थेट आग लागू शकते.

म्हणून जाणकार मेकॅनिक आधी बॅटरीची मायनस केबल काढतो आणि मगच वायरींना हात लावतो. टेपचे जोड काढून सलग वायर टाकतो, ती एक्झॉस्टपासून लांबून नेतो, वर उष्णता सोसणारी नळी चढवतो आणि इंजिनाची अर्थिंग घासून स्वच्छ करतो.

आणि ती काळी बाजू

केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधनाचा प्रमुख होता. लवकर वाळणारा रंग, रेल्वेची डिझेल इंजिनं अशी कितीतरी कामं त्याच्या देखरेखीखाली झाली.

पण इंजिनाची ताकद वाढवायला गेलं की ते ठोकायला लागायचं. केटरिंगच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने डिसेंबर १९२१ मध्ये त्यावर उपाय शोधला. पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळायचं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. अल्कोहोलनेही ठोकणं थांबतं, हेही या मंडळींना ठाऊक होतं. तरी निवड झाली शिशाची. ते विकायला १९२४ मध्ये 'इथिल कॉर्पोरेशन' निघाली आणि तिचा पहिला अध्यक्ष झाला केटरिंग.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली आणि १९२६ मध्ये परत सुरू झाली. मसल कारच्या इंजिनांना लागणारं पेट्रोल हेच होतं. त्या धुरातलं शिसं कित्येक दशकं जगभरातल्या पोरांच्या रक्तात जात राहिलं. भारतात ते पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, तर जगातला शेवटचा पंप अल्जेरियात २०२१ मध्ये.

२५ नोव्हेंबर १९५८ ला वयाच्या ८२ व्या वर्षी केटरिंग वारला. नावावर १८६ पेटंट होती. त्याच्या नावाने ओहायोत शहर आहे, मिशिगनमध्ये विद्यापीठ आहे आणि न्यूयॉर्कच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या नावातही तो आहे.

सेल्फ स्टार्टरमध्ये त्याने हेरलं होतं की मोटरवरचा जादा भार काही सेकंदांत संपतो, म्हणून तो चालून जातो. शिशाचा भार मात्र साठत गेला आणि तो दुसऱ्यांच्या लेकरांनी उचलला. जुन्या मसल कारमध्ये हा सगळा माणूस सापडतो, स्टार्टरच्या वायरीतही आणि पेट्रोलच्या टाकीतही.