खारेपाटणचं कीर्तन आणि आमचे अण्णा



आजचं वाचन गीतेच्या तेराव्या अध्यायातलं. ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंत मुलगा, बायको, घर यांच्यात गुंतून न राहणं हेही एक लक्षण सांगतात. हे वाचलं की मला गाडगेबाबा आठवतात. आणि खरं सांगू? मध्ये वर्षभर त्या आठवणीचा रागच यायचा.

अण्णा गेले तेव्हा गंगाखेडला घरी भेटायला आलेल्या दोघातिघांनी आईला बाबांचीच गोष्ट ऐकवली. ५ मे १९२३, कोकणात खारेपाटणला कीर्तन रंगलेलं, आणि मुलगा गोविंदा गेल्याचा निरोप आला. बाबांनी कीर्तन मोडलं नाही. मग तुम्ही कशाला एवढं रडताय, असा सगळ्यांचा रोख. आई तोंडाला पदर लावून गप्प बसली. मला मात्र ते टोचलं.

म्हणून मी बाबांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. वाचलं तर मरणाची ओळख त्यांना फार लवकर झाली होती. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरात. वडील झिंगराजी दारूपायी गेले तेव्हा डेबू जेमतेम आठ वर्षांचा. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, दापुऱ्याला गेल्या. तिथे त्याने गुरं राखली, मामाची शेती केली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, तर बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्याने गोड जेवण घातलं. बाप कशाने गेला, हे तो विसरला नव्हता.

१ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून हसवायचं आणि हसता हसता दारू, कर्ज, शिवाशिव यांची सालं काढायची. हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, त्यामुळे लांबवत नाही.

खारेपाटणपाशी मात्र मी थांबले. बाबांनी डोळे आवरले ते स्वतःचे. जे आवरलं ते स्वतःपुरतं, दुसऱ्याच्या दारात जाऊन ते मापायची पट्टी म्हणून वापरावं, असं मला त्यात कुठे दिसलं नाही. उलट त्यांच्या नावाने जी दशसूत्री सांगतात, तिच्यात अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार आहे आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत देणंही आहे. आणि कुंताबाईंचं काय? त्याही गोविंदाची आईच ना. त्या कशा रडल्या असतील, हे आपल्याकडे कुणी कीर्तनात सांगत नाही.

पुढे १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. हॉस्पिटलच्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी बाबांनी धर्मशाळा उभी केली. बघा हं, नातेवाइकांसाठी! आजाऱ्याला खाट मिळते, पण फुटपाथवर झोपणाऱ्या त्याच्या बायकोचं काय, हे ज्याला सुचलं तो माणूस कोरडा कसा असेल? २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. पण दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या पेशंटांनी आणि त्यांच्या माणसांनी भरलेली असते.

हे मी ऐकीव सांगत नाही. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने अण्णांना घेऊन आम्ही परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो, तेव्हा त्याच धर्मशाळेत राहिलो. आईला तिथे बोलायला माणसं भेटली. कुणी बिहारचं, कुणी जालन्याचं. भाषा अर्धवट, पण एकमेकींच्या डब्यातलं खात, एकमेकींसमोर मनसोक्त रडत.

पुढे उपचार थांबले आणि आम्ही अण्णांना घरी आणलं. एका नर्सताईंनी मला शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, ओल्या कापसाने ओठ पुसायचे, घास नको म्हणाले तर जबरदस्ती करायची नाही, दुखण्याची गोळी वेळेवर द्यायची, दुखेपर्यंत थांबायचं नाही. आणि बोलत राहायचं, त्यांनी उत्तर दिलं नाही तरी. मी हरिपाठ म्हणायचे. कधी नुसतं सोयाबीनचा भाव काय चाललाय तेही सांगायचे.

गुंतू नये म्हणजे काय, हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्या दिवसांत मी पूर्ण गुंतले होते, आणि तरी ते माझ्या हातात नाही हेही रोज दिसत होतं.

वर्षश्राद्धाला आई गोदावरीच्या घाटावर रडली. या वेळी शेजारच्या काकूंनी काही सांगितलं नाही. तिचा हात धरून त्या पायरीवर बसून राहिल्या, उन्हं चढेपर्यंत.

उद्या याच अध्यायातला पुढचा श्लोक. राम कृष्ण हरी.