थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा शास्त्रज्ञ : गे-ल्युसॅक

पिपेट व ब्यूरेट ही नावे विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या तोंडी इतकी बसलेली असतात, की ती कोणी रूढ केली हा प्रश्न सहसा मनात येत नाही. हा मान फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ लुई गे-ल्युसॅक याचा आहे.

दि. ६ डिसेंबर १७७८ रोजी फ्रान्समधील सेंट-लेओनार या गावी त्याचा जन्म झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडिलांना अटक झाली आणि घराची घडी विस्कटली. तरीही या हुशार मुलाने पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निक या विख्यात संस्थेत प्रवेश मिळविला व पुढे बर्थोले या थोर रसायनशास्त्रज्ञाचा तो साहाय्यक झाला.

त्या काळी उष्णतेने वायू किती प्रसरण पावतात याविषयी निरनिराळ्या शास्त्रज्ञांचे आकडे परस्परांशी जुळत नसत. उपकरणात राहून गेलेला पाण्याचा अंश हेच या घोटाळ्याचे मूळ, हे गे-ल्युसॅकने ताडले. वायू व उपकरणे काळजीपूर्वक कोरडी करून त्याने प्रयोग केले आणि सर्व वायू सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हे १८०२ साली सिद्ध केले. चार्ल्स या शास्त्रज्ञाने हेच काम पूर्वी केले होते, परंतु प्रसिद्ध केले नव्हते. गे-ल्युसॅकने त्याचे श्रेय मोकळ्या मनाने नमूद केले.

त्याच्या अंगी साहसही होते. १८०४ साली बलूनमधून एकट्याने सुमारे ७,००० मीटर उंची गाठून त्याने तेथील हवा बाटलीत भरून आणली. १८०८ साली एका स्फोटात त्याच्या डोळ्यांना इजा झाली, तरी प्रयोगांचा ध्यास सुटला नाही.

कापड शुभ्र करणाऱ्या विरंजक चूर्णाची शक्ती कशी मोजावी, यावर १८२४ साली लिहिलेल्या लेखात त्याने पिपेट व ब्यूरेट ही नावे योजिली. परंतु या उपकरणांची खरी कसोटी लागली ती पॅरिसच्या टांकसाळीत. १८२९ साली तो तेथे मुख्य कसतपासनीस झाला. चांदीचा कस तेव्हा भट्टीत तापवून काढीत. त्यात थोडी चांदी पात्रात मुरे, थोडी उडून जाई, आणि कस खऱ्याहून कमी भरे. ज्या नाण्यावर राज्याचा व्यवहार चालतो, त्याचाच हिशेब असा चुकत होता!

गे-ल्युसॅकने भट्टी बाजूला सारली. १०० घन सेंटिमीटरांनी बरोबर १ ग्रॅम शुद्ध चांदीचा साका खाली बसावा, असे मिठाचे द्रावण त्याने तयार केले. नत्राम्लात विरघळविलेल्या चांदीत ते पिपेटने मोजून घालावयाचे, बाटली जोराने हलवून द्राव निवळू द्यावयाचा, आणि मग दशमांश शक्तीचे द्रावण एकेक घन सेंटिमीटर घालीत, गढूळपणा येईनासा होईपर्यंत पहावयाचे. अशा प्रत्येक घन सेंटिमीटरास एक मिलिग्रॅम चांदी! तापमानाने द्रावणाच्या आकारमानात पडणारा फरकही त्याने हिशेबात धरला. १८३२ साली ही रीत प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे दुसऱ्या गावच्या तपासनिसालाही त्याच चांदीचा तोच कस मिळू शकत होता.

दि. ९ मे १८५० रोजी हा थोर पुरुष पॅरिस येथे निवर्तला. विद्यार्थिमित्रहो, पिपेटमधील द्रावाची पातळी खुणेशी डोळा समोर नेऊन वाचण्यास क्षणभर वेळ लागतो. उत्तर जुळविण्यासाठी आकडा बदलण्यास मात्र तेवढाही लागत नाही. यांपैकी पहिला मार्ग गे-ल्युसॅकचा होता, एवढे ध्यानी ठेवावे.