गुलामीतून पळालेल्या जोडप्याच्या पोरानं इंजिनाला चालता चालता तेल पाजायची सोय केली

वांगणी गेलं की शेलू, मग नेरळ. कर्जत लोकलनं रोज जाणाऱ्याला हे झोपेतही पाठ असतं. याच मार्गानं पुण्याकडं जाणाऱ्या गाड्या कर्जतला पोहोचतात आणि तिथं घाट चढायला त्यांना मागून जादा इंजिनं लावतात. हा बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ म्हणाल तर ३७ फूट पुढं गेलात की १ फूट वर. आज हे ढकलायचं काम विजेची इंजिनं करतात, पण पहिली साधारण ६५ वर्षं सगळा भार कोळशाच्या इंजिनांवर होता.

आता कोळशाच्या इंजिनाची एक भानगड असायची, जी जुन्या सिनेमात कधी दिसत नाही. ती म्हणजे तेल.

सिलिंडरमध्ये वाफ घुसते, पिस्टन मागंपुढं पळतो, लोखंडावर लोखंड घासतं. तिथं तेल नसेल तर धातू तापतो, चरे पडतात आणि शेवटी इंजिन जाम होतं. पण चालत्या इंजिनात तेल घालणार कसं? सिलिंडरच्या आत वाफेचा दाब. भोक उघडलं तर तेल आत जायच्या ऐवजी वाफच तोंडावर यायची. म्हणून ठरावीक अंतरानं गाडी थांबवायची आणि हातात तेलाचा डबा घेतलेला माणूस इंजिनाभोवती फिरायचा. या माणसाला म्हणायचे ऑइलर.

अमेरिकेत मिशिगन सेंट्रल रेलरोड नावाची कंपनी होती. तिथं असाच एक ऑइलर होता. फरक एवढाच की हा गडी शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर होता.

त्याचं नाव एलायजा मॅकॉय.

त्याचे आईवडील केंटकीत गुलाम होते. तिथून ते अंडरग्राउंड रेलरोडनं कॅनडात पळाले. नाव रेल्वेचं असलं तरी ती रेल्वे नव्हती बरं का. पळणाऱ्या गुलामांना या घरातून त्या घरात लपवत सीमेपार पोहोचवणाऱ्या माणसांची ती साखळी होती. कॅनडात ऑन्टारियोमधल्या कोलचेस्टरला १८४४ साली एलायजा जन्मला.

पोराला यंत्रं खोलायचा नाद. आईवडिलांनी तो ओळखला आणि १५ व्या वर्षी त्याला थेट स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला पाठवलं. गुलामीतून आलेल्या घरानं त्या काळात पोराला समुद्रापार शिकायला धाडणं म्हणजे काय जिकिरीचं असेल याचा विचार करा. तिथं उमेदवारी करून, इंजिनिअरिंग शिकून तो परत आला. तोवर घर मिशिगनमधल्या इप्सिलँटीला आलं होतं.

नोकरी मागायला गेला तर रंग आडवा आला. काळ्या माणसाला इंजिनिअर म्हणून कोण ठेवणार? रेल्वेनं त्याला दिलं काय, तर फायरमनचं काम. भट्टीत कोळसा टाकायचा आणि गाडी थांबली की उतरून तेल घालायचं.

पण त्यामुळं झालं असं की, इंजिनाचं दुखणं कुठं आहे हे ऑफिसात बसलेल्या साहेबांपेक्षा त्याला जास्त नीट कळलं.

१८७२ साली त्यानं पहिलं पेटंट घेतलं. कल्पना अशी, की ज्या वाफेमुळं तेल घालता येत नाही, तिलाच कामाला लावायचं. सिलिंडरवर तेलाची कपी बसवली. तिच्यातून खाली एक नळी, नळीत दांडा, दांड्याला वर झडप आणि खाली छोटा पिस्टन. वाफेचा दाब आला की पिस्टन वर ढकलला जायचा, झडप उघडायची आणि तेल सिलिंडरकडं उतरायचं. माणूस नको, थांबणं नको.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाफेच्या जोरावर तेल देणारं उपकरण बनवणारा तो पहिला नव्हे. इंग्लंडच्या जॉन रॅम्सबॉटमनं १८६० मध्येच एक प्रकार काढला होता. मॅकॉयचं मोठेपण तो या एकाच प्रश्नाला आयुष्यभर चिकटून राहिला यात आहे. त्याच्या नावावर ५७ पेटंटं आहेत आणि त्यातली बहुतेक तेल-वंगणाचीच. मधूनच कपडे इस्त्री करायचं घडीचं टेबल आणि बागेत पाणी शिंपडायचं यंत्रही आहे. पुढं इंजिनांची वाफ आणखी तापू लागली, नुसतं तेल टिकेना, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या म्हाताऱ्यानं तेलात ग्रॅफाइट मिसळून देणारा ल्युब्रिकेटर काढला.

आज कारखान्यातल्या मोठ्या प्रेसवर किंवा खडी क्रशरवर जी ऑटोमॅटिक ग्रीसिंग सिस्टिम असते, ती त्याची नाही, पण प्रश्न तोच सोडवते. पंपापासून एकच नळी निघते आणि एका ब्लॉकमध्ये जाते. त्यात ओळीनं पिस्टन असतात, निदान तीन. पहिल्यानं आपली फेरी पुरी करून ठरलेलं ग्रीस एका बेअरिंगला दिलं की मगच दुसऱ्याची वाट उघडते, मग तिसऱ्याची. रांग मोडायची सोय नाही. एक जागा तुंबली तर सगळेच थांबतात, नळीत दाब वाढतो आणि अलार्म वाजतो. त्यामुळं एका पिस्टनवर सेन्सर लावला तरी सगळ्यांची खबर मिळते. याला प्रोग्रेसिव्ह डिव्हायडर व्हॉल्व्ह म्हणतात.

मॅकॉयकडं भांडवल नव्हतं. पेटंटाचे हक्क विकायचे आणि त्या पैशातून पुढचं काम करायचं, असं चाललं. साहजिकच माल विकला गेला तो दुसऱ्यांचा म्हणून. अस्सल मालाला इंग्रजीत रिअल मॅकॉय म्हणतात ते याच्यामुळंच, असं अमेरिकेत सांगतात. गोष्ट झकास आहे, पण त्याच्याशी अगदी मिळताजुळता स्कॉटिश वाक्प्रचार १८५६ मध्येच छापलेला सापडतो, म्हणजे पेटंटाच्या १६ वर्षं आधी.

स्वतःच्या नावाची कंपनी त्यानं काढली ती १९२० साली, पंचाहत्तरी उलटल्यावर. दोनच वर्षांत त्याला आणि बायको मेरीला मोटार अपघात झाला. त्यातून मेरी वाचली नाही आणि तोही पुरता सावरला नाही. १० ऑक्टोबर १९२९ ला मिशिगनमधल्या एलॉइझ इथल्या रुग्णाश्रमात तो गेला. पुढच्याच वर्षी आपल्या बोरघाटातून विजेच्या इंजिनावर डेक्कन क्वीन धावू लागली.

अमेरिकेच्या पेटंट ऑफिसनं २०१२ साली डेट्रॉईटला शाखा उघडली. तिला नाव दिलंय एलायजा मॅकॉयचं.