दोन पेडल्सवाला क्लिफ

बेस गिटार घेतली, बँड जमला, फेस्टला नावही दिलं. आता डोक्यात पुढचा किडा वळवळतोय: पेडलबोर्ड! ऑनलाइन कार्टमध्ये कोरस, डिले, ऑक्टेव्ह, फझ असे सात-आठ डबे जाऊन बसलेत आणि पॉकेटमनीचं गणित काही केल्या जुळत नाहीये. जरा थांबा. पैसे भरण्याआधी क्लिफ बर्टनला भेटा.

मेटॅलिकाचा बेसिस्ट. गेला तेव्हा २४ वर्षांचा होता, म्हणजे माझ्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठा. तुमच्यापैकी अनेकांनी त्याचं वाजवणं ऐकलंय, पण ‘काय गिटार आहे यार’ म्हणून.

क्लिफचा जन्म १० फेब्रुवारी १९६२ चा, कॅलिफोर्नियातल्या कॅस्ट्रो व्हॅलीचा. लहानपणी पियानो शिकला. १९७५ मध्ये त्याचा मोठा भाऊ स्कॉट अचानक वारला. क्लिफ तेव्हा १३ वर्षांचा. त्यानंतर त्याने बेस हातात घेतला तो झपाटल्यासारखा. भावासाठी सगळ्यात भारी बेसिस्ट व्हायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं, हे त्याच्या घरचे पुढे सांगत. रोज तासन्‌तास रियाज, क्लास, बाखच्या रचनांचा अभ्यास. आणि सगळं बोटांनी. पिक नाहीच.

लक्षात घ्या, अजून पेडल आलेलंच नाही. तुमचा हात अजून स्थिर नसेल, तर फझ लावून फक्त चुका जाड होतील. (हे बेसिस्ट मित्रांना सांगून बघा, राग येतो.)

कॉलेजात, शॅबो कॉलेजला, त्याच्यासोबत जिम मार्टिन होता. पुढे ‘फेथ नो मोअर’मध्ये गिटार वाजवणारा तोच. दोघांचा बँड होता. ‘फॉर हूम द बेल टोल्स’च्या सुरुवातीला जो करवतीसारखा आवाज येतो ना, त्याचं मूळ त्या कॉलेजच्या दिवसांतलं. ती गिटार नाही. बेस आहे, डिस्टॉर्शन आणि वाहमधून आलेला.

१९८२ मध्ये क्लिफ ‘ट्रॉमा’ नावाच्या बँडमध्ये होता. लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’मध्ये त्यांचा शो सुरू होता. जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उल्रिक तिथे होते. सोलो सुरू झाला, पण तो वाजवणारा गिटारिस्ट हेटफिल्डला काही दिसेना. वाजवत होता बेसिस्ट! दोघं त्याच्या मागेच लागले. क्लिफची अट एकच: मी लॉस एंजेलिसला येणार नाही, तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोकडे या. आणि एका बेसिस्टसाठी अख्ख्या बँडने मुक्काम हलवला.

त्याच्या पायाशी काय होतं? मुख्यतः दोन डबे. मोर्लीचा भलाथोरला वाह आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बिग मफ. बिग मफला तीन नॉब: व्हॉल्यूम, टोन, सस्टेन. बस्स. १९८३ च्या पहिल्या अल्बममधला ‘ॲनेस्थेशिया’ हा सोलो याच जातीच्या आवाजाचा. बेस तारेवर रडतो, किंचाळतो.

पण खरी गोम इथेच आहे. बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, गिटारची ८२ वर. वाह तो खालचा पट्टा कापतो, आणि बिग मफ मधला आवाज खातो. दुकानात एकट्याने वाजवाल तर अंगावर काटा येईल, पण बँडमध्ये गिटार सुरू झाली की तुम्ही गायब. ‘ॲनेस्थेशिया’मध्ये गिटार नाहीच, नुसता बेस आणि मग ड्रम्स. तिथे ते खपून जातं. तुमच्या गाण्यात खपेलच असं नाही. म्हणून डिस्टॉर्शन घेताना त्यात मूळ स्वच्छ आवाज मिसळायची सोय आहे का बघा. ब्लेंड नावाचा नॉब किंवा ड्राय स्विच. बेससाठी काढलेल्या बिग मफवर तो असतो. आणि ट्रायल घ्यायची ती बँडसोबत, मित्राचं पेडल एका रिहर्सलला उसनं आणून.

माझं मत विचाराल तर पहिला खर्च ट्यूनर पेडलवर. कंटाळवाणं आहे, माहितीये. पण स्टेजवर पाय ठेवला की आवाज बंद, आणि निवांत सूर लावा. दुसरा खर्च ब्लेंडवाल्या डिस्टॉर्शनवर. मग पॉवर सप्लाय, कारण एकाच स्वस्त अडॅप्टरवर सगळं जोडलं की घूंऽऽ सुरू होतं. वाह, कोरस, डिले वगैरे एखाद्या गाण्याने मागितलं तरच.

क्लिफला मात्र नवं काही मागायला वेळच मिळाला नाही. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मार्च १९८६ मध्ये आला. २७ सप्टेंबरला पहाटे स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि तो गेला. अंत्यविधीला ‘ओरायन’ लावलं होतं, त्याच अल्बममधलं, शब्दच नसलेलं. त्याची सुरुवात हेडफोन लावून ऐका. हळूहळू उगवत येणारा, एखाद्या ऑर्केस्ट्रासारखा वाटणारा तो आवाज बेसचाच आहे. अख्खं ‘ओरायन’ मेटॅलिकाने स्टेजवर वाजवलं, तेव्हा २००६ उजाडलं होतं.