विरजणाची किमया : कार्ल जोसेफ बायर

ॲल्युमिनियमचे पातेले आपण रोज हाताळतो, पण त्यामागचे नाव आपल्याला ठाऊक नसते. ते नाव कार्ल जोसेफ बायर. १८४७ साली ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बीलिट्स गावी (हल्ली पोलंड) त्यांचा जन्म झाला. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून ते रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथे सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून शुद्ध ॲल्युमिना हवा होता. धातूचा विचार नव्हताच!

१८८७ मध्ये त्यांना उमगले, की ॲल्युमिना विरघळलेल्या क्षारयुक्त द्रावणात हायड्रॉक्साइडचे थोडे स्फटिक विरजणासारखे घातले, की शुद्ध पांढरा साका खाली बसतो. १८९२ मध्ये पुढची युक्ती साधली. बॉक्साइट तप्त कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवले, की ॲल्युमिना विरघळतो आणि लोहयुक्त तांबडा गाळ मागे राहतो. साका भाजला की ॲल्युमिना. त्यातून विजेच्या साहाय्याने धातू.

१९०४ साली बायर वारले. आजही जगातील बहुतेक ॲल्युमिना याच रीतीने तयार होतो. तरी बायर म्हटले, की लोकांना औषधांची कंपनीच आठवते. तिचा यांच्याशी संबंध नाही. आणि तो तांबडा गाळ? त्याचे काय करावे, हे कोडे आपल्याच पिढीला सोडवायचे आहे.